मधेच घुसवलेला कमिट

दवाखान्याचा डेटाबेस सांभाळणाऱ्या बाईला सगळे माई म्हणत. हाताखाली कुणी नाही, खोलीला खिडकी नाही आणि जिभेला हाड नाही. चौदा वर्षं तिचा एकच हेका. नवं मॉड्यूल बसवताना सगळे बदल एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये करायचे. शेवटपर्यंत जुळलं तरच पक्कं करायचं, एक ओळ जरी अडली तरी सगळं मागे घ्यायचं.

"अर्धी दाढी करून कामावर येतं का कुणी?" असं विचारायची.

त्या दुपारी औषधांच्या मॉड्यूलचं अपडेट होतं. कुठल्या पेशंटला कोणतं औषध सोसत नाही, त्या नोंदी जुन्या टेबलातून नव्यात हलवायच्या होत्या. मध्यावर एक ओळ अडली. माई सगळं मागे घ्यायला गेली, पण मागे काही येईना. साडेचार हजार नोंदी नव्या टेबलात जाऊन बसलेल्या. उरलेल्या पेशंटांच्या नावापुढे संगणकाचा नवा पडदा बेधडक सांगत होता, 'त्रास नाही'.

तिनं अपडेट चालवणारी स्क्रिप्ट उघडली. दर पाचशे नोंदींनंतर कमिट. म्हणजे तिथवरचं काम पक्कं, माघार नाही. काल तिनं तपासली तेव्हा यातलं काही नव्हतं.

सॉफ्टवेअर कंपनीचा इंजिनिअर शेजारीच चहा फुंकत होता.

"हे तू घातलंस?"

"सकाळी घातलं, माई. टेबल फार वेळ लॉक राहतं, पडदे अडकतात..."

"पडदा अडकला तर माणूस खोळंबतो रे. औषध चुकलं तर मरतो! मी तपासल्यावर हात लावायला कुणी सांगितलं तुला?"

तेवढ्यात दवाखान्याचे साहेब धावत आले. "आवाज खाली! औषधं द्यायची खिडकी चालू राहू दे. मागून गुपचूप दुरुस्त करू."

"रांगेत तुमची आई असती, तर म्हणाला असता असं?"

तिनं फोन उचलला. साहेबांनी हात आडवा घातला, तो तिनं झटकला. "खिडकी बंद करा. नव्या पडद्यावर विसंबू नका. वॉर्डात केसपेपर बघूनच औषध द्या."

सकाळी काढून ठेवलेल्या प्रतीवरून तिनं टेबल परत उभं केलं. त्यानंतर आलेल्या तीस नोंदी नर्सनी केसपेपरवरून वाचल्या, तिनं भरल्या. अडलेली ओळ दुरुस्त केली, सगळे कमिट उपटले आणि अपडेट एका दमात चालवलं. आकडे जुळले. मगच पक्कं केलं.

दोन तासांनी खिडकी उघडली तेव्हा रांग पेटलेली.

"कोण ती बया, आम्हाला ताटकळत ठेवणारी?" एक म्हातारा ओरडला.

माई पुढे झाली. "मीच ती. शिव्या द्यायला जिवंत आहात ना? द्या!"