अर्धा चमचा सानशो

लंडनच्या वेम्बलीतल्या एका शाळेत पुरुषोत्तम परुळेकरांनी एकतीस वर्षं पोरांना उकडलेले मटार वाढले आणि घरी येऊन वेंगुर्ल्याचं बांगड्याचं तिखलं खाल्लं. माणूस तसा राजा! बायको, सुप्रभाताई, गेल्या, नोकरी संपली, पण रविवारचा बांगडा सुटला नाही. मिरची-खोबऱ्याचं वाटण, आमसुलं, आणि उकळी फुटली की शेवटी ठेचलेली तिरफळं. ती पडली की सगळा फ्लॅट कोकणात.

त्या रविवारी नेमकी तिरफळं संपली होती. ईलिंग रोडच्या तीन दुकानदारांनी नकारार्थी मान हलवली. मग त्यांना नातीनं, सियानं, जपानहून आणलेली इवलीशी बाटली आठवली.

"आजोबा, सानशो! तुमच्या तिरफळचा कझिन," ती म्हणाली होती. "तिकडे ग्रिल केलेल्या वामवर टाकतात, सूपवर, नूडल्सवर. हे वालं तर खूप रेअर आहे, थोड्याच डोंगरांवर होतं."

झाकण उघडलं. हिरवी पूड, वास थेट तिरफळाचा, वर लिंबाच्या सालीची झुळूक. किती घालावी याचा अंदाज यावा म्हणून त्यांनी चांगली अर्धा चमचा तळहातावर घेतली आणि तोंडात टाकली.

आधी काहीच नाही. मग ओठांना मुंग्या आल्या. मग जिभेचं टोक गेलं, पाठोपाठ अख्खी जीभ. तोंडात पाणी सुटलं, आणि आपण ते गिळतोय की नाही हेच कळेना.

पुरुषोत्तमरावांनी बाटली ओट्यावर ठेवली.

गेल्या वर्षी पक्षाघाताचा झटका आला, तेव्हा असंच झालं होतं. ओठाच्या कोपऱ्यापासून. 'होईल बरं' म्हणत ते सहा तास खुर्चीत बसून राहिले, कुणाला कळवलं नाही. जिवावरचं थोडक्यात निभावलं. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये लेक, वरदा, म्हणाली होती, "बाबा, नेक्स्ट टाइम असं काही झालं ना, तर तुम्ही एकटे नाही राहणार. स्लाऊला माझ्याकडे यायचं. फायनल." मागची खोली तिनं रंगवूनही ठेवली होती.

ते आरशासमोर गेले. तोंड वाकडं झालंय का? कळत नव्हतं. दोन्ही हात वर केले. हात वर राहिले.

"माझं नाव पुरुषोत्तम," ते आरशाला म्हणाले. बाहेर आलं ते भलतंच, बोबडं. कपाळावर घाम फुटला.

थांबावं का जरा? जाईल कदाचित. फोन केला की हे घर गेलं. नाही केला तर? सुप्रभाताईंच्या फोटोकडे बघायचं धाडस होईना. घड्याळाची टिकटिक छातीत वाजू लागली. शेवटी त्यांनी गॅस बंद केला आणि नाइन नाइन नाइन फिरवला. मग वरदाला.

अँब्युलन्सवाली मुलगी ब्लडप्रेशर घेत असतानाच वरदा घरातल्या सपाता घालूनच धावत आत आली. तिचा चेहरा पांढराफटक.

"काय खाल्लं होतं, बाबा?"

त्यांनी ओट्याकडे बोट दाखवलं. वरदानं लेबल वाचलं, बोट बुडवून चाटलं, आणि सगळे तिच्याकडे बघत राहिले. मिनिटभरात तिनं ओठ दाबून धरले.

"बाबा! माझी पण जीभ झोपली!"

पुरुषोत्तमरावांनी बाटलीकडे पाहिलं. तिरफळ जेवताना ताटाच्या कडेला काढून ठेवायचं, चावायचं नाही, हे आईनं शिकवलेलं. सत्तर वर्षांत एकदाही ते त्यांनी दाताखाली येऊ दिलं नव्हतं. त्याचा हा हिसका त्यांना ठाऊकच नव्हता.

"तरी हॉस्पिटलमध्ये चेक करून घेऊ," अँब्युलन्सवाली इंग्रजीत म्हणाली. "आधीची हिस्टरी आहे."

त्यांनी मान हलवली. मग हळूच विचारलं, "वरदा, ती खोली...?"

तिनं बाटलीला झाकण लावलं. "कधी सुरू झालं?"

"अकराला."

"आणि फोन कधी केला?"

"अकरा सात."

"सात मिनिटं," वरदा म्हणाली. डोळे पुसले. "लास्ट टाइम सहा तास होते, बाबा. सात मिनिटांत फोन करणार असाल, तर राहा इथेच."

तिनं कोट पुढे धरला. त्यांनी बाहीत हात घातले. बटणं तिनं लावली.