अठरा मीटर खालचं गवत

भूशास्त्र कार्यालयाच्या मागे पत्र्याचं लांबलचक गोदाम होतं आणि त्यावर दगडताईचं राज्य होतं. सव्वीस वर्षं! जमिनीत बोअर मारला की नळीतून दगडमातीचे लांब तुकडे निघतात, त्यांना तिथे कोअर म्हणत. लाकडी पेटीत ते खोलीच्या क्रमाने लावायचे, पहिल्या ओळीत वरची माती, शेवटच्या ओळीत सगळ्यांत खालची. अशा चार हजार पेट्या ताईने पोटच्या पोरांसारख्या सांभाळल्या होत्या. वरच्या मजल्यावरचे साहेब लोक त्यांवरून खनिजांचे नकाशे रंगवायचे आणि वाहवा मिळवायचे. ताईला कुणी काही विचारत नसे. विचारलंच, तर "ताई, चहा सांगता का?"

त्या वर्षी जिल्ह्याचा नवा नकाशा तयार झाला. खाण कुठे काढायची, शेती कुठे राखायची, घरं कुठे बांधू द्यायची, हे पुढची पन्नास वर्षं त्यावरून ठरणार होतं. नदीकाठच्या भाजीमळ्यांवर पिवळा रंग पडला होता. पिवळा म्हणजे बांधकामाची रेती आणि गोटे, तेही अगदी वरच्यावर. म्हणजे खाण आलीच. त्या पिवळ्यात चाळीस घरांचे मळे होते आणि त्यांतला एक ताईच्या धाकट्या भावाचा.

"ताई, आमचं बिऱ्हाड उठलंच म्हणायचं," तो फोनवर एवढंच म्हणाला.

ताई रडत बसली नाही. मळ्यांतल्या बोअरची एकुलती एक पेटी होती, ती तिने खाली काढली आणि भिंग घेऊन ओळीमागून ओळ बघत गेली. शेवटच्या ओळीतल्या चिकणमातीत केसांसारखी बारीक काळी मुळं होती. गवताची मुळं! अठरा मीटर खाली कसलं डोंबलाचं गवत उगवतंय?

तो तुकडा ताटलीत घालून ती तडक साहेबांकडे गेली. साहेब माणूस वाईट नव्हता, पण स्वतःच्या नकाशाबद्दल पहिलटकरणीइतका हळवा होता.

"तीस वर्षांची पेटी आहे, ताई. उंदरांनी आणली असतील मुळं." मग आवाज खाली आणून म्हणाले, "आणि तिथे तुमच्या भावाची जमीन आहे ना? लोक काय म्हणतील?"

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. भावावरून मारलेला टोमणा तिने एक वेळ गिळला असता. पण तिच्या गोदामात उंदीर?

जुन्या हजेरीपटावरून तिने त्या बोअरचा ड्रिलर शोधून काढला. म्हातारा आता निवृत्त होऊन स्टुलांना खिळे ठोकत बसला होता, आणि हातोडी त्याच्या डाव्या हातात होती. ताई दारातच थबकली.

"काका, पेटी भरताना उभे कुठे राहायचात तुम्ही?"

"पेटीच्या पलीकडे. डावखुरा माणूस मी, अलीकडून हात अडायचा. पहिली ओळ माझ्याजवळ लावायचो."

"आणि ओळींवर नंबर कोण टाकायचं?"

"तो दुसराच. अलीकडच्या ओळीपासून टाकायचा." म्हातारा बोलता बोलता थांबला आणि हातोडी त्याने खाली ठेवली. "अगं बाई! म्हणजे माझ्या पेट्या सगळ्यांनी उलट्या वाचल्या?"

त्याच्या अकराच्या अकरा पेट्या ताईने फिरवून पुन्हा वाचल्या. मळ्यांखाली आधी तेरा मीटर चिकणमाती, रेती त्याच्याही खाली. ती काढायला जाणं म्हणजे आतबट्ट्याचा धंदा. आणि नदीपलीकडच्या ओसाड माळावर, जिथे नकाशात नुसती माती दाखवली होती, तिथे रेती-गोटे वरच होते!

"साहेब, दोन बोअर मारा," तिने सांगितलं. "मळ्यात पाच मीटरच्या आत रेती निघाली, तर गोदामाच्या किल्ल्या तुमच्या टेबलावर ठेवून घरी जाते."

साहेबांनी फोन उचलला आणि यंत्र मागवलं.

मळ्यात यंत्र उभं राहिलं तेव्हा चाळीस घरं बांधावर गोळा झाली होती. भाऊ तर पाठ करूनच उभा होता, त्याला बघवेना. दोन मीटर, चिकणमाती. पाच मीटर, चिकणमाती. ताईच्या किल्ल्या वाचल्या, पण ती जागची हलली नाही. दहा झाले, बारा झाले. तेराव्या मीटरला यंत्राचा आवाज एकदम बदलला, खडखडाट सुरू झाला आणि नळीतून ओले गोटे बाहेर पडले. बरोब्बर तेरा! भाऊ धावत आला आणि सगळ्यांदेखत त्याने ताईला उचललंच.

"अरे मेल्या, खाली ठेव, मी सरकारी कामावर आहे!" ती ओरडली. पण हसू काही तिला आवरेना.

दुसऱ्या दिवशी माळावर हातभर खोलीवरच रेती लागली.

नकाशा मंजूर करणाऱ्या समितीच्या बैठकीत साहेब उभे राहिले. "नकाशा माझा चुकला होता. बरोबर या होत्या," ते ताईकडे हात करून म्हणाले. मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. मळ्यांवरचा पिवळा पुसला गेला आणि माळावर चढला. गावाला रेती मिळाली, मळेही राहिले.

बैठक संपल्यावर साहेबांनी नवा नकाशा टेबलावर पसरला आणि ताईच्या हातात पेन दिलं. खाली कोपऱ्यात 'तपासणार' असं छापून पुढे जागा मोकळी सोडलेली होती. आजवर तिथे फक्त साहेब लोकांच्याच सह्या पडलेल्या.

ताईने पदराने हात पुसले आणि नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं सगळं सावकाश लिहिलं. अक्षरं चौकटीबाहेर गेली, पार नदीपर्यंत पोचली.

"अहो, जरा लहान," साहेब म्हणाले.

"असू द्या," ताई म्हणाली. "मळ्यातल्या माणसांना लांबून वाचता आलं पाहिजे."