धुम्याची कणीक आणि पोलादपूरला नेलेला माझा पहिला मिडी डबा

माघातल्या सप्ताहात मामा मृदंगावर बसणार नाहीत, असं मामेभावाने, दिनेशने, फोनवर सांगितलं. दिवाळीत मामांच्या अंगावरून वारं गेलं होतं. डावा हात उचलला जातो, पण ठोक्यात जोर नाही. "आमचे आप्पा म्हनतात, मृदुंग वरल्या वाडीच्या मंडळाला देऊन टाका," तो म्हणाला. मी पुण्यात नोकरी करते, शनिवार-रविवार कीबोर्ड बडवते आणि नको तिथे तोंड उघडते. "थांबा, मी काहीतरी बनवून आणते," असं बोलून बसले.

ते काहीतरी म्हणजे मिडी कंट्रोलर. हे वाद्य स्वतः आवाज करत नाही. कुठे मारलंत आणि किती जोरात, एवढंच लॅपटॉपला कळवतं. आवाज लॅपटॉप काढतो. मामांच्या मृदंगाचे सुटे बोल मी तीन वर्षांपूर्वी फोनवर टिपले होते. त्यामुळे रबराच्या गादीवर हलकं बोट पडलं तरी मामांचाच जुना, भरदार ठोका वाजणार होता. सामान किरकोळ लागतं: एक छोटा यूएसबी बोर्ड, कंप ओळखणाऱ्या दोन पिझो चकत्या, रबर, रेझिस्टर आणि लाकडी डबा. हजार-बाराशेत जमतं. व्हिडिओतला माणूस म्हणाला, एका दुपारचं काम आहे. मला पाच आठवडे लागले आणि त्या माणसाचं तोंड मला पुन्हा बघायचं नाही.

शुक्रवारी सकाळी गाडी काढली. वरंध घाट बंद आहे, हे भोरमध्ये चहावाल्याने सांगितलं.

"बोर्ड लावलाय की मागं."

"मला नाही दिसला."

"पडलाय तो."

झालं! मांढरदेवीवरून वाई, तिथून महाबळेश्वर, स्ट्रॉबेरीच्या गाड्यांपुढे दीड तास खोळंबा, आणि मग आंबेनळी घाट. घाट सुंदर आहे म्हणतात. मी फक्त मागच्या सीटवरच्या डब्याचा खडखडाट ऐकत होते. पोलादपूरला स्टँडजवळ मिसळ मागवली (झणझणीत, जरूर खा) आणि डबा उघडला. आतल्या निम्म्या तारा सुटून तळाला पडल्या होत्या. मी तारा सोल्डर न करता ब्रेडबोर्डमध्ये, म्हणजे भोकांच्या पट्टीत, नुसत्या खोचल्या होत्या. नवशिक्यांनो, लिहून ठेवा: ब्रेडबोर्ड टेबलावर शोभतो, घाटात नाही. वर एका रेझिस्टरचा पाय तुटला होता. जास्तीचा आणायची अक्कल मला नव्हती.

म्हणून मामांच्या वाडीचा रस्ता सोडून उलट महाडला गेले. तिसऱ्या दुकानातल्या काकांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "ताई, एवढुसा सुटा कोण घेतं आता? अख्खा चार्जर घ्या, त्यातनं काढा." हवा तो त्यात निघेल याची खात्री नव्हती. मी हात जोडले आणि चवदार तळ्याजवळ गाडी लावून दिनेशची वाट बघत बसले. तो एमआयडीसीत एका केमिकल प्लँटमध्ये मीटर आणि वायरिंगची देखभाल करतो. पहिली शिफ्ट संपवून कंपनीच्या बसने उतरला, डब्यात डोकावला आणि हसतच सुटला.

"मने, हे तू केलंयस? आमच्याकडं असं कनेक्शन दिसलं ना, तर साहेब प्लँट शटडाउन करील."

पण त्याच्या खोलीवर जुन्या सुट्या भागांचा डबा होता. त्यातून रेझिस्टर निघाला आणि दीड तासात त्याने एकेक तार सोल्डर करून दिली. माझे पाच आठवडे त्याने दीड तासात गुंडाळले याचा रागच आला.

शनिवारी दोघं वाडीवर पोचलो. उमरठच्या पुढे रस्ता अरुंद आणि खडीचा आहे, छोटी गाडी जपून न्या. मामा ओटीवर बसले होते. त्यांच्या मागे मृदंग गोधडीत गुंडाळलेला. मी डबा मांडला, ब्लूटूथ स्पीकर लावला. मामांनी एक ठोका दिला.

"मी मारला तवा. वाजला आत्ता. मधी कुठं गेल्ता?"

ब्लूटूथने आवाज उशिरा येतो, हे शाळकरी पोरालाही माहीत असतं. देवळातला वायरचा स्पीकर आणला. मग खरं संकट आलं. मामांचा हात हलका, म्हणून डावी गादी मी फार नाजूक करून ठेवली होती. ती एका ठोक्याला दोनदा वाजायला लागली.

"मी एक देतो, ह्यो दोन देतो," मामा म्हणाले.

नाजूकपणा कमी केला की मामांचा ठोका उमटतच नव्हता, वाढवला की धुम-धुम. दुपारभर मी आकडे बदलत बसले. शेवटी मामांनी हात मांडीवर ठेवला. "ऱ्हाऊ दे गो बाय. मृदुंग वरल्या वाडीलाच जाऊ दे."

"द्यायचाच असेल तर द्या!" मी ओरडले. आजारी माणसावर ओरडल्याची लाज मला अजून वाटते.

रविवारी काल्याचं कीर्तन, सप्ताहाचा शेवट. सकाळी आंघोळ करून ओटीवर आले आणि पाहते तर मामांनी डाव्या गादीवर ओल्या कणकेचा गोळा थापलेला! मृदंगाच्या डाव्या तोंडाला, धुम्याला, वाजवण्याआधी भिजवलेली कणीक लावतात. त्याशिवाय खर्ज येत नाही. घरात भाकरी तांदळाची, गव्हाचं पीठ आणायचं ते मुख्यतः मृदंगासाठी. पण डब्याला?

"मामा, त्यात वायरी आहेत! पाणी जाईल!"

"मंग? धुम्याला कनीक नको?" मग खालच्या आवाजात म्हणाले, "बोटांना कळत नाय गो आता. गार लागलं का समजतं, धुमा हितं हाय."

मी जोराचा विचार केला होता. बोटांना कळतं का, हे पाच आठवड्यांत मी एकदाही विचारलं नव्हतं. मला फार अपराधी वाटलं.

मामांनी ठोका दिला. धुम. एकच. पुन्हा दिला, पुन्हा एकच. गादीची उरलेली थरथर कणकेने गिळली होती. मी घाईघाईने सगळं पुसलं, गादीवर दुधाची पिशवी ताणून बांधली आणि मामांनी वर नवी कणीक लावली.

काल्याच्या कीर्तनाला मामा वाजवायला बसले. बुवांनी डब्याकडे संशयाने पाहिलं आणि अभंग धरला. एका अभंगात मामा मागे पडले तर टाळकऱ्यांनी लय उतरवून त्यांना बरोबर घेतलं.

डबा आणि माझा जुना लॅपटॉप तिथेच ठेवून ताम्हिणीमार्गे परत आले. हाच रस्ता धरा; लांब पडतो, पण निदान उघडा असतो.

परवा मामींचा फोन आला, गव्हाचं पीठ पुरत नाही म्हणून. मी विचारलं, "डब्याला एवढी कणीक लागते?"

"डबा कुठला? त्यो फळीवर ठेवलाय. ह्यांनी मृदुंग काढलाय, त्यालाच लावतात रोज."

पाच आठवडे, दोन घाट, दिनेशची अख्खी संध्याकाळ, आणि डबा फळीवर! मी म्हटलं, "मामांना फोन द्या जरा."

"देत नाय. ऐक."

त्यांनी फोन ओटीकडे धरला असावा. कोंबडा ओरडला, कुणीतरी खोकलं, आणि मग धुम. बारीक, दबलेला, पण माझ्या लॅपटॉपातला नव्हे. ऑफिसची मीटिंग सुरू झाली होती तरी मी फोन कानाला लावून दुसऱ्या ठोक्याची वाट बघत बसले.