दुकान वाढवणारे कुलगुरू

शनिवारी सकाळी प्लॅस्टिकच्या कचऱ्याची पिशवी घेऊन मी इमारतीखाली उभी होते, तेव्हा मोरिता-सानचा फोन आला. मोरिता-सान ही आमच्या कुलगुरूंची सेक्रेटरी. सुट्टीच्या दिवशी ती कधी फोन करत नाही. "गाकुचो गेले," असं तिने जपानीतल्या सगळ्यात आदराच्या शब्दांत सांगितलं. गाकुचो म्हणजे कुलगुरू, म्हणजे आमचे शेटे सर. घराबाहेर पडताना बूट घालायला खाली बसले, ते उठलेच नाहीत... खरं सांगायचं तर मला आधी रडू आलं नाही, आधी भीती वाटली. परवाच सर मला एक शब्द बोलून गेले होते. त्याचे दोन अर्थ होत होते, आणि त्यातला कुठला धरायचा हे विचारायला आता कोणी उरलं नव्हतं.

प्रभाकर शेटे मूळचे कराडचे. वडिलांचं वह्या-पुस्तकांचं दुकान होतं. जपानला येऊन त्सुकुबाला डॉक्टरेट, मग ओसाकाच्या एका कंपनीत वीस-बावीस वर्षं, आणि साठीला टेकल्यावर आमच्या या छोट्या खासगी विद्यापीठाचं कुलगुरूपद. त्सुकुबापासून बसने तासभर आत आहोत आम्ही. इथे मुलंच कमी जन्मतात, त्यामुळे आमच्यासारख्या ठिकाणचे वर्ग दरवर्षी थोडे थोडे रिकामे होत जातात. विश्वस्तांना विद्वान नको होता, धंदा कळणारा माणूस हवा होता, आणि तो त्यांना मिळाला. पहिल्या भेटीतच, मी मराठी आहे असं कळल्यावर, सरांनी विचारलं, "मेधाबाई, आपल्या दुकानात गिऱ्हाईक कशासाठी येतं, सांगा बरं?" विद्यापीठाला दुकान आणि विद्यार्थ्याला गिऱ्हाईक! माझे वडील पुण्यात शाळामास्तर. माझ्या कपाळाला तेव्हा पडलेली आठी पुढे दोन वर्षं तशीच होती.

सर स्वतःच्या गाडीने येत नसत. स्टेशनवरून विद्यापीठाच्या बसने यायचे, मागच्या सीटवर बसायचे आणि मुलं काय बोलतात ते ऐकायचे. दुपारी कँटीनमध्ये जेवत आणि उठताना मुलांच्या ट्रेमध्ये काय उरलंय ते बघून येत. प्राध्यापकांना त्यांनी आळीपाळीने चौकशीच्या फोनवर बसवलं. हायस्कुलांना बारावीच्या मुलांसाठी भेटी द्यायचं काम पूर्वी ऑफिसातले लोक करायचे, तेही आमच्या गळ्यात पडलं. हातात मिठाईचा खोका, अंगात काळा कोट, पायांत दुसऱ्यांच्या शाळेच्या स्लिपर्स अशी मी चाळीस मिनिटं एका व्हरांड्यात उभी राहिले आहे. परत आल्यावर सर एवढंच विचारायचे, "चहा दिला का त्यांनी?" दिला म्हटलं की खूश, नाही म्हटलं की त्या शाळेच्या नावापुढे फुली. भाषाशास्त्रात पीएचडी करून मी चहाचा हिशेब देत होते. राग यायचा मला, पण त्या रागाच्या खाली भीती असायची. कारण सर दुकानातला न खपणारा माल ओळखत होते, आणि आमच्या भाषा विभागात यंदा पहिल्या वर्षाला एकाच रांगेत बसतील एवढीच मुलं आली होती. विभागात मी आणि दोघी जपानी सहकारी. एकीला नुकतंच बाळ झालंय. माझा व्हिसा या नोकरीवर. माझा मुलगा इथेच वाढलेला. पुण्याला परत जाऊ म्हटलं तर तो जपानीतच विचारेल, परत म्हणजे कुठे?

गृहशास्त्र विभाग सरांनीच बंद केला. अर्थात 'बंद' हा शब्द त्या बैठकीत कोणीच उच्चारला नाही. जपानीत अशा वेळी 'भरती थांबवणे' म्हणतात. निरोपसमारंभात जुन्या शिक्षिका पदर नसलेल्या पोशाखात पदर शोधल्यासारख्या डोळे टिपत होत्या. शेवटी निवेदक उठला आणि म्हणाला, आता 'ओहिराकी' करू या. ओहिराकीचा शब्दशः अर्थ उघडणे. समारंभ संपवायचा असला की इथे 'संपवू' म्हणत नाहीत, अशुभ वाटतं, म्हणून 'उघडू या' म्हणतात. सर एकदम माझ्याकडे झुकले. "ऐकलंत? हेही वाढवतात." त्या दुःखाच्या हॉलमध्ये त्यांचा चेहरा लहान मुलासारखा फुलला होता. मग शेजारी बसलेल्या विश्वस्तांच्या अध्यक्षांना, ओकाबे-सानना, ते जपानीत समजावू लागले की आमच्या भाषेतही दुकानदार संध्याकाळी दुकान बंद करत नाही, वाढवतो. ओकाबे-सान मान हलवत होते. किती ऐकू गेलं कुणास ठाऊक, टाळ्या चालू होत्या.

हा शब्द मी सरांच्या तोंडून रोज ऐकायचे. संध्याकाळी सहाला ते स्वतः एकेक मजला फिरून दिवे बंद करत. तिसऱ्या मजल्यावर माझी खोली. दारात उभे राहून म्हणत, "चला मेधाबाई, दुकान वाढवू या." एकदा मी चेष्टेने म्हटलं, "सर, बंद म्हटलं तर काय होईल?" ते हसले नाहीत. म्हणाले, "वडिलांनी एका संध्याकाळी दुकान वाढवलं, ते पुन्हा उघडलंच नाही. मी आठवीत होतो. शाळेतून आलो तर फळ्यांना कुलूप. तेव्हापासून तुम्ही म्हणालात तो शब्द मी तोंडातून काढत नाही." त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की या माणसालाही भीती वाटते, आणि ती माझ्यापेक्षा खूप जुनी आहे. बसच्या मागच्या सीटवर बसून मुलांचं बोलणं ऐकणारे, ट्रेमधलं उरलेलं बघणारे सर मला तेव्हापासून वेगळे दिसायला लागले.

आणि तो शेवटचा गुरुवार. मी धीर करून विचारलं, "सर, आमच्या विभागाचं काय ठरतंय?" त्यांचं बोट बटणावर होतं. "वाढवायचा म्हणतोय," असं म्हणून त्यांनी दिवा बंद केला. अंधारात चेहरा दिसला नाही. वाढवायचा, म्हणजे मोठा करायचा? की...? "उद्या टोकियोला आहे, सोमवारी बोलू," असं म्हणत ते जिन्याकडे गेले. मला मागून हाक मारता आली असती. उत्तराच्या भीतीने मी मारली नाही. याची लाज मला जन्मभर वाटेल.

सरांच्या पत्नी आधीच गेलेल्या. मुलगी ओसाकात असते, तिला मराठी थोडं बोलता येतं, वाचता येत नाही. सर गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात तिने सरांची खिशातली वही मोरिता-सानकडे पाठवली. विश्वस्तांची बैठक भरली आणि मला बोलावणं आलं. ओकाबे-सानांनी दोन्ही हातांनी वही माझ्यापुढे ठेवली. "गाकुचोंची शेवटची इच्छा असेल ती आम्हाला पाळायची आहे. हे तुम्हीच वाचू शकता." सरांचं बारीक, तिरकं अक्षर. बसच्या वेळा बदलणे. ग्रंथालयाचं छप्पर. आणि त्याखाली: भाषा विभाग वाढवायचा, मार्च.

इथलं शैक्षणिक वर्ष मार्चमध्ये संपतं. नवं एप्रिलमध्ये सुरू होतं. मोठा करायचा असता तर सरांनी एप्रिल लिहिलं असतं का? की मार्चच्या आत तयारी करायची, असं होतं त्यांच्या मनात? खोलीत सहा माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती. मला दोन्ही अर्थ सांगता आले असते. समजावणंही अवघड नव्हतं. 'ओहिराकीसारखं' एवढं म्हटलं असतं की सगळ्यांना क्षणात कळलं असतं. शब्द जिभेवर होता. मी म्हणाले, "भाषा विभागाचा विस्तार करायचा. मार्चपर्यंत." मोरिता-सानने लिहून घेतलं. तिचे डोळे भरून आले होते.

भरती चालू ठेवायची असं ठरलं, एक नवी शिक्षिकाही घ्यायची. ओकाबे-सानांनी कागद गोळा केले, चष्मा काढला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "मग, आता ओहिराकी करू या." बैठक संपवताना असं म्हणतात कधीकधी. पण एरवी ते 'इथे थांबू' म्हणतात. ते माझ्याकडे किती वेळ बघत होते, तेही मला नक्की सांगता येत नाही... त्या समारंभात त्यांना ऐकू गेलं होतं का? ठाऊक असूनही त्यांनी गप्प राहायचं ठरवलं का? तेव्हापासून त्यांची गाडी आवारात दिसली की मी मागच्या जिन्याने जाते.

सरांविषयी तुमच्या मराठी अंकात लिहा असं मला सांगितलं गेलं, तेव्हा मी लगेच हो म्हटलं, त्याचं कारण हे. इथे हे कोणाला सांगू शकत नाही. तुम्हाला तो शब्द येतो. मी शाळामास्तरची मुलगी, दुकानदाराचं वाक्य मी बरोबर वाचलं का, ते तुम्ही सांगा. चुकीचं वाचलं असेल, तर मेलेल्या माणसाच्या तोंडी मी माझी नोकरी घातली. आणि बरोबर वाचलं असेल, तरी ते मला ठाऊक नसताना वाचलं.

परवा ऑफिसमधून चिठ्ठी आली. संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावरचा एक दिवा रोज चालू राहतो, कृपया लक्ष द्यावे. आता मजल्यावरचे दिवे मीच बंद करते, एक सोडून सगळे. शेवटच्या बटणाशी आलं की 'चला' एवढं तोंडातून निघतं, पुढचं निघत नाही, आणि मी तशीच जिना उतरते. मोरिता-सानने विचारलं तेव्हा मी सांगितलं की विसरते.