आधी दाजींची बाजू

माझे दाजी मला कधीच आवडले नाहीत. त्यांनी तत्त्वज्ञान शिकायला घेतलं तेव्हापासून तर ते डोळ्यांसमोरही नकोसे झाले. चाळिशीत विमा कंपनीतली नोकरी सोडून हा माणूस विद्यापीठात जाऊन बसला. घर चालवायला माझी ताई होतीच. ती डेंटल लॅबमध्ये कवळ्या बनवायची. दिवसभर मेणात परक्यांचे दात बसवायचे आणि संध्याकाळी घरी येऊन यांच्या तोंडाचा पट्टा ऐकायचा.

विद्यापीठात जी शाखा चालू असेल, तिचा छळ घरात. तर्कशास्त्र होतं तेव्हा ताईचं एकही वाक्य पुरं झालं नाही, मध्येच हात वर करून हे म्हणायचे, "यावरून ते सिद्ध होत नाही." मग ज्ञानमीमांसा आली. ताई म्हणाली, साखर संपलीय. यांचा प्रश्न, "संपलीय हे तुला कशावरून कळलं?" तिने रिकामा डबा त्यांच्यापुढे आपटला. नीतिशास्त्रात कर्तव्यं निघाली, ती झाडून सगळी तिची. सौंदर्यशास्त्र सुरू झालं आणि कपाट भिंतीला शोभत नाही असा शोध लागला. ते उचललं मी.

पण खरा उच्छाद मांडला तो त्यांच्या विभागातल्या एका पद्धतीने. तिथे वादाला बसलं की आधी समोरच्याची बाजू मांडायची. "हो, हेच माझं म्हणणं," असं त्याने कबूल केलं की मगच आपली बाजू बोलायची. पद्धत चांगली आहे, मी तिला नावं ठेवणार नाही. दाजींनी मात्र ती घरी अर्धीच आणली. ताईने त्यांची बाजू मांडायची आणि यांनी मान हलवायची, "नाही, हे माझं म्हणणं नव्हे. परत मांड." तिची पाळी कधी यायचीच नाही.

अशात दुसऱ्या शहरातल्या एका मोठ्या लॅबने ताईला मुख्य कारागीर म्हणून बोलावलं. ती कित्येक वर्षं याच कामाची वाट बघत होती. सोमवारपर्यंत कळवायचं होतं. दाजींना विभागातलं कोंडाळं सोडवत नव्हतं, म्हणून घरात आठवडाभर "परत मांड" चाललेलं. रविवारी दुपारी मी गेलो तेव्हा उष्टी ताटं टेबलावर तशीच वाळत होती आणि ताईचे डोळे सुजले होते. समोरचं जाडजूड पुस्तक उचलून दाजींच्या टाळक्यात घालावं असं मला मनापासून वाटलं.

"तू सरळ जा गं ताई," मी म्हणालो.

"तू मध्ये पडू नकोस," दाजी म्हणाले आणि ताईकडे वळले. "हां, बोल. माझं म्हणणं काय?"

ताईने ताट बाजूला सारलं. "तुमचं म्हणणं असं, की विभागात पहिल्यांदाच कुणी तुमचं कान देऊन ऐकतंय. ऑफिसात तुम्हाला कुणी हिंग लावूनही विचारत नव्हतं. नव्या गावात तुमची ओळख माझा नवरा एवढीच राहील. मी वर गेले की आपण खाली आलो, असं तुम्हाला वाटेल. म्हणून मी जायचं नाही. कर्तव्य वगैरे मागाहून चिकटवलेलं."

आता यांचं तोंड काळंठिक्कर पडणार, असं मला वाटलं. उलट ते खुललं.

"हो," दाजी म्हणाले. "अगदी हेच माझं म्हणणं. इतकं नेमकं मलाही मांडता आलं नसतं."

"मग आता माझी पाळी. मी जातेय. तुम्हाला यायचं तर या."

ती उठली आणि कपडे भरायला लागली. दाजी गेले नाहीत, ती गेली.

महिन्याभराने तिची उरलेली खोकी न्यायला मी गेलो. दाजी दाढी वाढवून त्याच टेबलाशी बसले होते. मला म्हणाले, "एक कळत नाही रे. माझी बाजू तिला इतकी नीट समजली होती. मग ती गेली कशी?"

ते सोंग करत नव्हते, त्यांना खरंच कळत नव्हतं. मला त्यांची जराही दया आली नाही.