कुत्र्याचा डॉक्टर

डॉक्टर पोराकडे नंतर बघायचे. आधी विचारायचे, “कुत्रं कुठं आहे?” पोर रक्तबंबाळ, आई रडतेय आणि हा माणूस चौकशी करतो कुत्र्याची! म्हणून आमच्या भागात त्यांना ‘कुत्र्याचा डॉक्टर’ हेच नाव पडलं. आमचं गाव कडेगावच्या बाजूचं. सरकारी दवाखाना तिथून दोनेक कोसांवर. काळ दुसऱ्या महायुद्धाचा.

त्यांच्या विचारण्याला कारण होतं. चावलेलं कुत्रं दहा दिवस बांधून ठेवायचं; पिसाळलेलं असलं तर ते तेवढ्यात मरतं. ते धडधाकट राहिलं, तर पोराला पोटातल्या सुया घ्याव्या लागत नसत. पण आमच्याकडे कुत्रं चावलं की माणसं आधी काठ्या घेऊन त्याच्यामागं धावत, आणि मारल्याचं मोठ्या अभिमानानं सांगत. डॉक्टर म्हणायचे, “शाबास! आता कुत्र्याऐवजी पोरावर नजर ठेवू.” मग सुया सुरू. लोकांनी यातून वेगळाच धडा घेतला. सुया चुकवायच्या तर ‘कुत्रं बरं हाय’ म्हणायचं. हे उत्तर गावोगावी पाठ झालं. डॉक्टरांनाही ते कळलं, तेव्हापासून ते सायकलवर टांग टाकून स्वतः कुत्रं बघायला जाऊ लागले.

जखम धुण्याचा त्यांना नाद होता. लोक चाव्यावर तिखट नाहीतर चुना भरून आणत. ते साबणपाण्यानं धूत बसत. “शिवा की ओ लवकर,” असं कुणी म्हटलं तर म्हणत, “ही काय गोधडी आहे?”

आमच्या गुऱ्हाळावर एका पिवळ्या कुत्र्यानं माझा गाल फोडला आणि शालूच्या पोटरीला ओरखडा काढला. शालू माझी चुलतबहीण, चुलत्यांची एकुलती एक. चुलत्यांनी तिथंच कुत्रं मारलं. आई मला दवाखान्यात घेऊन गेली आणि खरं ते बोलली, “मारलं की ओ दीरानं.” माझ्या सुया सुरू झाल्या. मी बोंबललो की डॉक्टर म्हणायचे, “जोरात ओरड, गड्या. तुझ्या गावापर्यंत जाऊ दे.”

चुलत्यांनी शालूला आणलं नाही. गावठी उपाय म्हणून सात विहिरींत डोकावून आणलं, बस. पोटात सुया टोचल्या तर पोरीला पुढं मूल होत नाही, असं कुणीतरी त्यांच्या मनात भरवलं होतं. सुई घेताना मीच बोलून गेलो, “शालूला पण चावलंय.” दुसऱ्याच दिवशी डॉक्टर आमच्या दारात. चुलत्यांनी शेजाऱ्याचं तसलंच पिवळं कुत्रं पुढं केलं.

“आवं, पोरीला ह्यानं वरबाडलं. पुतण्याला चावलं त्ये येगळं.”

“एका दिवशी दोन कुत्री?”

“गुऱ्हाळ हाय. काकवीच्या वासानं धा येत्यात.”

डॉक्टरांनी कुत्र्याला भाकरी घातली, पाणी पाजलं, शालूची पोटरी धुतली. मग माझ्याकडे वळले. “खरंच हेच होतं?” मी ‘होय’ म्हणून मान हलवली. चुलत्यांनी तसं बजावलं होतं. आई चुलीपाशी होती. तीही बोलली नाही. घर दिरांचं होतं, आम्ही त्यांच्या आधारावर. दहा दिवसांनी डॉक्टर पुन्हा आले, कुत्रं शेपूट हलवताना बघितलं आणि म्हणाले, “आता पोरीची काळजी नको.”

शिमग्याच्या सुमारास शालूला ताप आला. पाण्याचा तांब्या बघितला की तिचा गळा आवळायचा. चुलत्यांनीच माणूस धाडून डॉक्टरांना बोलावलं. दारातून तिला बघून ते तिथंच थांबले. त्यांनी चुलत्यांकडे बघितलं, मग आईमागं उभ्या असलेल्या माझ्याकडे. सगळं गाव अंगणात जमलेलं. चुलते ओरडले, “तुमीच बघून गेलासा! तुमीच म्हणलासा काळजी नको! आता बोला की!”

डॉक्टर म्हणाले, “चुकलं माझं.”

मग आत जाऊन शालूजवळ बसले. ती गेली तेव्हा संध्याकाळ झाली होती. गावानं त्यांचं वाक्य तेवढं धरून ठेवलं. वर तक्रार गेली आणि त्यांची महाबळेश्वरच्या पलीकडे कुठंतरी बदली झाली. ‘कुत्र्याच्या डॉक्टरनं पोर घालवली’ असं मी आयुष्यभर ऐकत आलो. ते खरं नाही. त्यांनी दुसरंच कुत्रं बघितलं होतं.

पुष्कळ वर्षांनी साताऱ्यात त्यांचं घर शोधून काढलं. ते निवृत्त झाले होते. माझा गाल बघून त्यांनी मला ओळखलं. मी म्हणालो, “डॉक्टर, ते कुत्रं...”

“त्या दिवशी दारातच कळलं मला.”

“मग चुकलं का म्हणालात?”

“त्यांची पोर जात होती. ती त्यांच्यामुळं गेली, हेही तेव्हाच सांगायचं?” मग त्यांनी विचारलं, “चुलते आहेत?”

“आहेत.”

“मग ते असेपर्यंत गप्प राहा.”

मी राहिलो. चुलते जाऊनही आता फार वर्षं झाली. तोवरचं गप्प राहणं डॉक्टरांच्या सांगण्यावरून होतं. त्यानंतरचं माझं एकट्याचं.