अनट्रेंड बाईचं रक्त

खेळाच्या कॉलेजातल्या मॅडमनी मला सांभाळलं, हे आधी लिहिते. त्यांचा ओठ मी फोडला, ते नंतर.

भूकंपात आमचं किल्लारीकडचं घर बसलं. आईला मी हातांनी उकरून काढलं, नखं निघाली, पण ती गेलेलीच होती. सातवी तिथंच सुटली. पुढं नांदेडला क्लासच्या पोरींच्या मेसमध्ये भाकऱ्या थापायला लागले. मागून कुणी हात लावला की डोळ्यांपुढं अंधारी यायची आणि माझा हात उठायचा. एका पोरीनं थट्टेनं डोळे झाकले, तर लाटण्यानं तिचं कपाळ फोडलं. मेसवाल्या काकू म्हणाल्या, "अजून एकदा हात उचललास तर गाठोडं बांध." बांधून जायचं कुठं? गावाकडं कुणी उरलं नव्हतं.

मॅडम आमच्याच मेसमध्ये जेवायच्या. थोडाच वेळ पण जीव तोडून मेहनत केली की बाईच्या रक्तात कोणते हार्मोन उसळतात, हा त्यांचा अभ्यास. कॉलेजातल्या कबड्डीच्या पोरी होत्याच, तुलनेला अनट्रेंड बायका पाहिजे होत्या. आमच्याकडं ट्रेंड म्हणजे डीएड झालेला मास्तर. मी म्हटलं, "मॅडम, मी सातवीबी न्हाई. माझ्याइतकी अनट्रेंड कुठं घावायची?"

"तसं नाही गं, पळायचा सराव नसलेली."

कॉलेजात जाग्यावरच फिरणारी सायकल होती. आधी दंडातून रक्त घेतलं. मग अर्धा मिनिट, जीव खाऊन. मांड्यांत जाळ, कानांत धडधड. खालची फरशी हादरायला लागली, मला वाटलं, भूकंप आलाच. उतरले ती भडाभडा ओकले. तेवढ्यात दुसऱ्यांदा रक्त घ्यायला मॅडमनी मागून दंड धरला. वळून ठोसा हाणला. ओठ फाटला, काचेच्या नळ्या फुटल्या. धरायला आलेल्या कबड्डीच्या पोरीच्या पोटात लाथ घातली.

"मॅडमनी अनट्रेंड मागवली, ही तर पैलवान निघाली," ती कळवळत म्हणाली.

मी भिंतीला टेकले. आता गाठोडं.

मॅडमनी ओठाला रुमाल लावला. "मागून धरायला नको होतं, चूक माझी. तुला वेड लागलेलं नाही. या पोरींचं रक्त तर तुझ्याहून जास्त उसळतं. त्यांना त्याची सवय आहे, तुला नाही."

काकूंना त्यांनी सांगितलं, सायकलचं हँडल लागलं. काकूंनी माझ्या सोललेल्या बोटांकडं पाहिलं आणि परात पुढं सरकवली.

दुसऱ्या दिवसापासून मॅडमनी मला सकाळी कबड्डीच्या मैदानावर बोलावलं. चढाईला गेले, तर एकीनं मागून कंबर धरली. तीच अंधारी आली. तिला फरफटत मी मधल्या रेषेपर्यंत आणलं, गुडघे सोलले तिचे. कुणी रागावलं नाही. उलट आम्हाला गुण मिळाला.

मेसमध्ये अजून दचकते, पण हात उठत नाही. मॅडम आता लातूरला असतात, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय म्हणे. काकू सुट्टी देत न्हाईत अजून. पण मॅडम, एक दिवस मी येईन, तुम्हाला धरून अंगणात चालवीन, आणि तुम्ही बास म्हणेपर्यंत तुमच्याकडं राहीन.